उघाडी

काळेश्वरीच्या उतारावर
ब्रेक दगड झाला.
चढावर टर्बो शिट्टी मारत होता
आणि मीही जरा जोरात होते, खरं सांगायचं तर.
मागच्या सीटवर थर्माकोलच्या डब्यात
एकेचाळीस जणांचं रक्त,
राजापूरची लॅब दोनला बंद.

वळणावर पाय उचलून ब्रेकवर ठेवला
तर पेडल खाली जाईना.
दोन्ही पायांनी उभी राहिले त्याच्यावर,
लहानपणी बोअरिंगच्या दांडीला लोंबकळायचे तशी.
थांबली. जांभ्याच्या गडग्याला
आरसा तेवढा घासला.

नजीर सोलकरचं गॅरेज खाडीच्या अंगाला,
मागे तिवरं, पुढे ऑईलने काळी झालेली माती.
त्याच्या पुतण्याने डबा बाईकला बांधला
आणि नमुने घेऊन तो गेलासुद्धा.
नजीरने बॉनेट उघडलं, एक नळी उपसली,
तिच्यातून काढली अंगठ्याएवढी काळी वस्तू.
वर एक बाण कोरलेला.

"फुंका," म्हणाला. फुंकलं. हवा गेली.
"आता उलटी धरून."
तशीही गेली.
"मग गेलीच ही."

इंजिन श्वास ओढतं, तो सांगत होता,
तेव्हा ब्रेकच्या या डब्यातली हवा ओढून घेतं.
आत पोकळी राहते.
तुमच्या पायाला जोर येतो तो तिच्यामुळे.
म्हणजे काही नसण्याचा जोर, मी म्हटलं.
"तसं समजा," म्हणाला, आणि पक्कड मागितली.

पण टर्बो भरात आला की वारं फिरतं.
जिथे ओढ होती तिथेच रेटा.
तेवढा वेळ या झडपेने मिटून राहायचं,
डब्यातली पोकळी सांभाळायची.
आतली रबराची चकती कडेला फाटली होती,
नखाएवढी.
चढावरचा सगळा दाब तिथून आत शिरला,
आणि उतारावर माझ्यासाठी
पोकळी उरली नव्हती.

मला पोटऱ्या आठवल्या.
रोज सुया टोचते मी, शिरा ओळखीच्या आहेत.
शिरांतही असतात अशा झडपा,
रक्त वर जाऊ देणाऱ्या, खाली न सोडणाऱ्या.
बाजारात उभ्याने मासळी विकणाऱ्या बायकांच्या
त्या आधी थकतात.
पायावर निळ्या गाठी. त्यांना कोण बदलून देणार.

"माझा बाप उघाडी राखायचा,"
नजीर नळी पुसता पुसता म्हणाला.
खाराच्या बंधाऱ्यात, वरून टांगलेली फळी.
ओहोटीला शेतातलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं,
भरतीला खाडीच तिला दाबून बंद करते.
माणसाला काम काय,
तर मध्ये काही अडकू द्यायचं नाही.
एका उधाणाला तिवराची फांदी अडकली,
मनगटाएवढी. रात्रभर.
तीन वर्षं भात नाही आलं.
बाप त्या कुणग्यात जायचा,
माती उचलून जिभेला लावायचा,
आणि घरी येऊन कुणाशी बोलायचा नाही.

त्या रात्री तो कुठे होता
हे नजीरने सांगितलं नाही.
मी विचारलं नाही.

नवी झडप दुसऱ्या दिवशी रत्नागिरीच्या एसटीने आली,
कंडक्टरच्या खिशातून.
बसवून झाल्यावर म्हणाला,
बंद गाडीत चार-पाच वेळा ब्रेक मारा,
मग दाबून ठेवा आणि चालू करा.
चालू केली.
पायाखाली पेडल जरासं खचलं,
पलीकडून कुणी हात सैल सोडावा तसं.
"झालं," नजीर म्हणाला.
मजुरी किती ते दोनदा विचारावं लागलं.

जुनी मी मागून घेतली. का, ते माहीत नाही.
पुलावर म्हशी आडव्या होत्या,
तेवढ्यात ती तोंडाला लावली.
इकडून फुंकलं, गेलं.
तिकडून फुंकलं, गेलं.
जिभेवर पेट्रोलची चव आली
आणि रात्री भाकरी खातानाही
ती तशीच होती.